टॉवरला कळवलेली खुशाली

जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ एकच आहे: समोरच्याला आपलं किती ऐकू जातंय, हे बोलणाऱ्याला कळत नाही. छोट्याने हे वाक्य कंपनीच्या वार्षिक सभेत पहिल्याच स्लाइडवर टाकलं होतं आणि धीरगंभीर आवाजात वाचूनही दाखवलं होतं. माइक बंद होता. पुढच्या दोन रांगांनी ऐकून टाळ्या वाजवल्या, मागच्यांनी पुढच्यांचं बघून.

छोट्या म्हणजे वय एकोणपन्नास आणि उंची अशी, की कुठल्याही दारातून आत येताना तो आधी नम्र होई. त्याच्या ताईने त्याचं हे नाव ठेवलं तेव्हा ते खरं होतं, आणि नंतर बदलायला कुणाला सवड झाली नाही. मोबाइल कंपनीत तो बऱ्यापैकी वरच्या पदावर होता. पण नेमकं काय करतो, हे नातेवाइकांत कुणालाच धड सांगता येत नसे.

काम तसं सोपं होतं. मोबाइल फोन नुसता खिशात पडलेला असला, तरी तो टॉवरला सारखी आपली खुशाली कळवत असतो. तुझं इतपत ऐकू येतंय. या बाजूने बोललास तर बरं, त्या बाजूने नको. सध्या मोठे घास भरव, किंवा जरा बेताने घे. टॉवर त्यावरून ठरवतो, की या फोनकडे माहिती किती आणि कशी धाडायची. ऑफिसात याला चॅनेल रिपोर्ट म्हणत, छोट्या खुशाली म्हणे. अडचण अशी, की सगळेच फोन उठसूट खुशाली कळवायला लागले तर हवेतली जागा खुशालीनेच भरून जाते आणि खऱ्या बोलण्याला शिरायला वाव उरत नाही. आणि फार क्वचित कळवली, तर टॉवर शिळ्या बातमीवर विसंबून घास भरवत राहतो आणि ते सगळे अंगावर सांडतात. कुणी किती वेळा खुशाली कळवायची, थोडक्यात की सविस्तर, हे ठरवणं हेच छोट्याचं काम. सासऱ्यांना हे समजावता समजावता त्याच्या नाकी नऊ आले होते. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले होते, "म्हणजे बनवत काहीच नाहीस."

गेल्या वर्षी छोट्याने एक पराक्रम केला होता. शहरातल्या काही भागांना त्याने 'शांत वस्ती' असं नाव दिलं. इथे माणसं घरात बसलेली असतात. माणूस हलत नाही, फोन हलत नाही, परिस्थिती बदलत नाही, मग सारखं सारखं काय कळवायचं? त्याने त्या वस्त्यांतल्या फोनांची खुशाली एकदम विरळ करून टाकली. हवेतली जागा मोकळी झाली, आलेख खाली गेला, विभागप्रमुख मॅडमनी पाठ थोपटली आणि त्याला काचेची एक ढाल मिळाली. ती घरी बायकोने फ्रीजवर ठेवली, कारण फ्रीजचं दार नीट लागत नव्हतं आणि वरून वजन ठेवलं की लागतं, असा तिचा समज होता.

त्याच शांत वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर, छोट्याची ताई राहत होती.

ताई गाडी चालवायला शिकवायची. शहरातल्या अर्ध्या गाड्या तिने शिकवलेली माणसं चालवत होती आणि उरलेल्या अर्ध्या त्यांना चुकवत होत्या. तिचा आवाज बंद काचांमधूनही रस्त्यावर ऐकू यायचा. एका सकाळी चहा गाळता गाळता तिच्या मेंदूला झटका आला. पाय सावरला, हात हळूहळू सावरत होता, पण बोलणं गेलं. कळायचं सगळं, हसायची नेमक्या जागी, वर्तमानपत्रातले मथळे वाचून कपाळाला आठ्या घालायची. शब्द मात्र ओठांपर्यंत यायचे नाहीत. दोनच शब्द शिल्लक राहिले होते: 'हो' आणि 'ब्रेक'. चहा हवा का? हो. नको का? हो. आणि जे काही हो नव्हतं ते सगळं ब्रेक.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पहिले काही महिने महत्त्वाचे. या काळात जेवढं बोलणं परत येईल तेवढं येईल, पुढे वाट अवघड. बोलणं शिकवणाऱ्या चांगल्या बाई होत्या, पण दुसऱ्या शहरात. म्हणून रोज दुपारी त्यांचा धडा व्हिडिओ कॉलवर. बाई ओठांचा चंबू करत, जीभ दातांवर टेकवून दाखवत, आणि ताई बघून बघून तसं करी. ओठ दिसले तर धडा, नाही तर नुसती करमणूक.

छोट्याला हे सगळं जिव्हारी लागलं होतं त्याला कारण होतं. लहानपणी तो इतका अडखळायचा, की शाळेत स्वतःचं नाव सांगेपर्यंत हजेरी पुढच्या बाकावर पोचलेली असे. घरात सगळेच त्याची वाक्यं त्याच्यासाठी पुरी करून टाकत, मायेनेच, पण चुकीची. एकटी ताई थांबायची. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, हातात लाटणं घेऊन ती त्याचं एकेक वाक्य संपेपर्यंत उभी राहायची, आणि कुणी मध्ये तोंड घातलं तर लाटणं उगारायची. आपण आज सभेत स्लाइड वाचू शकतो, मग माइक चालू असो वा नसो, ते त्या ओट्यामुळे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ताईचे आभार मानायचे हे त्याच्या मनात फार वर्षं होतं. पण अशा गोष्टी भावंडांत बोलायच्या कशा, म्हणून राहून गेलं होतं. आणि आता मानले असते तर ती म्हणाली असती, ब्रेक.

धडे सुरू झाल्यावर पहिल्या रविवारी तो बघायला गेला. भावोजींनी दार उघडलं. भावोजी पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, आणि पाणी जपून वापरा असं सांगता सांगता शब्दही जपून वापरायला लागलेले गृहस्थ.

"कसं चाललंय, भावोजी?"

"ठीक."

आत ताई टेबलाशी बसली होती. समोर फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केलेला. पडद्यावर बाई म्हणत होत्या, "आता माझ्या ओठांकडे बघा हं. प... पा..." आणि पडदा गोठला. बाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं, एक डोळा मिटलेला. ताईने अगदी मन लावून तसंच तोंड अर्धवट उघडलं, एक डोळा मिटला आणि ती वाट बघत राहिली. चित्र सुटलं तेव्हा बाई पुढच्या अक्षरावर होत्या. ताईने भावाकडे बघितलं. "ब्रेक," ती म्हणाली.

ही वस्ती छोट्याची होती. इथली खुशाली त्यानेच विरळ केली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने त्या भागाचे आकडे काढले. आकडे उत्तम होते. फोन जेव्हा केव्हा खुशाली कळवत, तेव्हा ती चांगलीच असे. मग तो मोजमापाचा फोन घेऊन पुन्हा ताईकडे गेला आणि खिडकीशी स्टूल टाकून बसला. पडद्यावरची रेघ सरळ चालली होती, मग एकदम खड्ड्यात जाई, मग पुन्हा वर. त्याने मान वर केली. समोर नवी इमारत उठत होती आणि तिच्या डोक्यावर एक भली थोरली क्रेन सावकाश इकडून तिकडे फिरत होती, पोटाशी लोखंडाचे पत्रे धरून. पत्रे टॉवरच्या आड आले की रेघ खड्ड्यात. टॉवरला बिचाऱ्याला याचा पत्ता नसे. त्याच्याकडे मघाची खुशाली होती, सगळं छान असल्याची, आणि त्या भरवशावर तो घासामागून घास भरवत सुटे. माणूस हलत नाही, फोन हलत नाही, हे छोट्याचं खरंच होतं. बाकीचं जग हलतं, एवढंच राहून गेलं होतं.

"मिळालं काही?" भावोजींनी विचारलं.

"क्रेन आहे."

भावोजींनी खिडकीतून बघितलं. "आहे खरी," ते म्हणाले, "वर्षभर आहे."

आता सेटिंग बदलायचं म्हणजे बदल समितीपुढे जायचं. ही समिती छोट्यानेच सुचवलेली, लोकांनी मनाला येईल ते बदलू नये म्हणून. तिची बैठक महिन्यातून एकदा, आणि नुकतीच होऊन गेलेली. तो मॅडमकडे गेला.

"गेल्या वर्षी रिपोर्ट कमी तुम्हीच केलेत," मॅडम म्हणाल्या. "ढाल तुम्हालाच दिली."

"हो, मॅडम."

"आता तुम्हीच म्हणता वाढवा."

"सगळ्यांचे नाही. ज्या फोनवर व्हिडिओ चालू आहे, त्यालाच टॉवरने मधून मधून विचारायचं, बाबा रे, कसं काय? बाकीचे झोपलेत त्यांना झोपू दे. आणि उत्तरही थोडक्यात घ्यायचं. क्रेनमुळे घोळ होतोय."

"क्रेनमध्ये आपलं सिम आहे?"

"नाही."

"मग ती आपली ग्राहक नाही." मॅडमनी चष्मा काढला. "घरचं काही आहे का?"

छोट्याने सांगितलं. ताई, झटका, बाईंचे ओठ, सगळं. लहानपणचं ओट्याचंही सांगून बसला, जे त्याने बायकोलाही धड सांगितलं नव्हतं. मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "मला गाडी तुमच्या बहिणीनेच शिकवली. अजून वळताना कानात ऐकू येतं." आणि त्यांनी समितीची बैठक अलीकडे ओढली. अलीकडे म्हणजे पुढच्या महिन्याऐवजी या महिन्याच्या अखेरीला. समितीत सात माणसं होती आणि सातही जण एका वेळी जागेवर सापडणं ही आकाशातल्या ग्रहांसारखी गोष्ट होती.

मधल्या दिवसांत छोट्याला चैन पडेना. त्याने भावोजींना फोन करायला सुरुवात केली.

"आज कसं चाललंय?"

"ठीक."

"म्हणजे अडकलं की नाही?"

"अडकलं. ठीक अडकलं."

"साधारण किती वेळा?"

"मी मोजायला बसू, की हिच्याशेजारी बसू?"

छोट्याने हात टेकले. शहरातले झाडून सगळे फोन त्याला पाहिजे तो तपशील पाहिजे तेव्हा देत होते, आणि या एका माणसाकडून एका शब्दापलीकडे काही निघत नव्हतं. नेमकं कळावं म्हणून तो आणखी वेळा फोन करू लागला; धड्याच्या आधी, धडा चालू असताना, धडा झाल्यावर. शेवटी एक दिवस भावोजींचा बांध फुटला.

"अरे, एक सांगू का?" ते म्हणाले. "धडा याच फोनवर चालतो. तुझा फोन आला, की बाई गायब होतात. ही 'मा' म्हणायला तोंड उघडते आणि समोर तुझं नाव येतं. आज तीनदा तू आलास. बाईंनी विचारलं, हा छोट्या कोण?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, यांचा भाऊ. नेटवर्कमध्ये आहे."

छोट्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, काय झालं, तर म्हणाला, "काही नाही. आज कळलं की मी किती जागा खातो." त्यानंतर त्याने फोन करणं बंद केलं. आठवड्यातून एकदा, रविवारी, समक्ष जायचं असं ठरवलं, आणि ते पाळणं समिती भरवण्याइतकंच अवघड गेलं.

समिती भरली. सातपैकी पाच आले. त्यातल्या एकाने सुचवलं, की क्रेनवाल्यांनाच पत्र पाठवून फिरणं कमी करायला सांगावं. शेवटी मॅडमनी टेबलावर बोट आपटलं आणि बदल मंजूर झाला. तो लागू झाल्यावर छोट्याने दिवसभर आलेखाकडे टक लावून बघितलं. क्रेन फिरली की रेघ खड्ड्याकडे झुके, टॉवर फोनला विचारी, फोन सांगे, जरा बेताने, आणि टॉवर लहान लहान घास भरवून वेळ निभावून नेई. पत्रे बाजूला झाले की पुन्हा मोठे घास. छोट्याला ते इतकं सुंदर वाटलं, की त्याने सहकाऱ्याला बोलावून दाखवलं. सहकारी म्हणाला, "रेघ आहे."

त्या वस्तीतल्या तक्रारी थांबल्या. आता छान चालतंय, असं कळवायला अर्थातच कुणी फोन केला नाही. छान चालतंय हे कळवायला कुणीच करत नाही. पण रविवारी छोट्या ताईकडे गेला आणि दारातच त्याने विचारलं, "कसं चाललंय?" तेव्हा भावोजी म्हणाले, "छान."

भावोजींच्या तोंडून हा शब्द त्याने त्यांच्या लग्नापासून ऐकला नव्हता. तेव्हाही तो जेवणाबद्दल होता.

आत धडा चालू होता. बाई ठसठशीत दिसत होत्या, ओठ, जीभ, दात, कानातलं, मागच्या भिंतीवरची पाल. ताई म्हणत होती, "पा...णी." मग "पाणी दे." मग तांब्याला टेकवलेल्या फोनकडे बघून, "तांब्या... पड...तो." बाई टाळ्या वाजवत होत्या. छोट्या गच्चीत गेला आणि तिथे थोडा वेळ क्रेनकडे बघत उभा राहिला, कारण खोलीत सगळ्यांसमोर डोळे पुसायचे तर भावोजींचं घर फार लहान होतं.

मग त्याने आभार मानायला सुरुवात केली. हे त्याला नवीन होतं आणि एकदा सुरू झाल्यावर थांबवता येईना. मॅडमचे मानले. समितीतल्या पाचांचे मानले, आणि न आलेल्या दोघांचेही, कारण ते आले असते तर बैठक लांबली असती. बोलायच्या बाईंना फोन करून इतके मानले, की त्या म्हणाल्या, "अहो, तुमचं बोलणं छान आहे, तुम्हाला माझी गरज नाही." बायकोचे मानले, तेव्हा ती म्हणाली, "माझे कशाबद्दल?" तो म्हणाला, "महिनाभर मी काय बोलतोय ते तू ऐकलंस." ती म्हणाली, "ऐकलं कुठे? हो म्हणत होते."

राहिली एक ताई. धड्यांचा पहिला टप्पा संपला त्या रविवारी तो बायकोला घेऊन तिच्याकडे गेला. जाताना वाटेत त्याने वाक्यं जुळवून ठेवली होती. ताई टेबलाशी बसली होती, केस नीट विंचरलेले, हातात चहाचा कप, तोही उजव्या हातात. छोट्या समोर बसला.

"ताई," तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय. लहानपणी तू माझ्यासाठी जे थांबलीस ना, त्याची परतफेड काही होणार नाही. पण निदान माझं काम तुझ्या उपयोगी पडलं, याचं मला फार बरं वाटतं. ती क्रेन मध्ये यायची, टॉवरला कळायचंच नाही. मग आम्ही अशी युक्ती केली, की व्हिडिओ चालू असेल त्याच फोनला टॉवरने..."

"ब्रेक," ताई म्हणाली.

छोट्या थांबला.

ताईने कप खाली ठेवला. डोळे मिटले. ओठ हलले, पण आवाज नाही. छोट्याची बायको पुढे झुकली आणि मदत करायला तोंड उघडणार, तेवढ्यात भावोजींनी तिला हातानेच गप्प केलं. खोलीत कुणी हललं नाही. बाहेर क्रेन कुरकुरत फिरली आणि परत आली.

"वाय...फाय," ताई म्हणाली. दम घेतला. "खालच्या." पुन्हा थांबली, बोटाने जमिनीकडे दाखवलं, मग बोट रागाने मागे घेतलं, बोटाने सांगायचं नव्हतं तिला. "खालच्या... दातांच्या... डॉक्टरांचं. आहे."

छोट्याने भावोजींकडे बघितलं. भावोजी छताकडे बघत होते.

"अरे, तुझी समिती बसेना," ते छताला म्हणाले. "इकडे हिचे दिवस चालले होते. मग मी एकदा खाली जाऊन विचारलं. भला माणूस. लगेच पासवर्ड दिला. तेव्हापासून सगळे धडे त्याच्यावरच."

"म्हणजे समितीच्या आधीपासून?"

"बरंच आधीपासून. तू इतका धावत होतास, म्हटलं कशाला सांगून हिरमोड करायचा? चालू दे. म्हणून ठीक म्हणत होतो."

"आणि छान?"

"तेव्हा खरंच छान चाललं होतं. तू फोन करायचं थांबवलंस ना."

छोट्याची बायको खिडकीकडे वळली, हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. छोट्याने मात्र यातलं काही मनावर घेतलं नाही. तो ताईच्या जवळ सरकला. "ताई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा अडखळला, "परत म्हण ना. पूर्ण वाक्य होतं ते. परत एकदा म्हण."

ताईने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं.

"बहिरा," ती म्हणाली. हा शब्द बाईंनी शिकवलेला नव्हता. आणि मग तिने ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत, वायफायपासून आहेपर्यंत, पुन्हा म्हणून दाखवलं, या वेळी जरा भरभर, आणि भावोजींनी कुणी न सांगता उठून सगळ्यांसाठी पुन्हा चहा टाकला.

सोमवारी ऑफिसातून सुटल्यावर छोट्या तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचे आभार मानायला गेला. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं, बोला म्हणाले, आणि त्याने तोंड उघडल्यावर दिवा जवळ ओढला. खालची डावी दाढ काढावी लागली.